सामायिक खर्च

अण्णासाहेबांनी ज्ञानदेव ओव्हाळला ‘जेवलास का?’ असं विचारलं, एवढंच झालं होतं. तेही जाता जाता, पायरीवर. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होऊन पाचेक मिनिटं झाली होती. प्रभाकर निजसुरे डबा हातात घेऊन हिशेबखात्याच्या दारात उभा होता आणि फाउंड्रीकडच्या रस्त्यानं ज्ञानदेव येत होता, कपाळावर काजळी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कंपनीचे मालक अण्णासाहेब नेमके तेव्हाच बाहेर पडत होते. त्यांनी थांबून ज्ञानदेवच्या खांद्यावर हात ठेवला, विचारलं, त्यानं हसून मान हलवली, आणि दोघं आपापल्या वाटेनं गेले. प्रभाकर तीन हातांवर होता. डबा तर त्याच्याच हातात होता. जेवणाचं विचारायचंच होतं तर पुरावा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं. पण अण्णासाहेब त्याला ‘काय निजसुरे’ एवढंच म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता गाडीत बसले.

डब्यात भेंडीची भाजी होती आणि ती त्याला आवडायची. त्या दिवशी घास तोंडात फिरत राहिला. बेचाळीस वर्षांचा माणूस, हिशेबखात्याचा प्रमुख, चिंचवडला दोन खोल्यांचा स्वतःचा ब्लॉक, आणि कुणी आपल्याला जेवलास का विचारलं नाही म्हणून त्याच्या पोटात दुखतंय, हे त्याचं त्यालाच लाजिरवाणं वाटलं. पण लाज वाटली म्हणून दुखायचं थांबत नाही. बासष्ट साली तो इथं पिंपरीला आला तेव्हा पत्र्याच्या दोन शेड होत्या आणि भोवती ज्वारी. पवनेवरून वारा आला की खतावणीची पानं उडायची, म्हणून त्यानं त्यांच्यावर ठेवायला फाउंड्रीतून बिडाचा एक गोळा मागून आणला होता. तो गोळा देणारा माणूस ज्ञानदेव. त्याच वर्षी तो वाळू वाहायला लागला होता, मावळातल्या एका खेड्यातून. पुढं मोल्डर झाला, संध्याकाळचे वर्ग करून डिप्लोमा झाला, फोरमन झाला, आता फाउंड्रीचा इनचार्ज. दोघांनी सोळा वर्षं एकाच गेटातून ये-जा केली होती. पण अण्णासाहेब ज्ञानदेवला अरेतुरे करत आणि प्रभाकरला अहोजाहो. त्या ‘अहो’मध्ये सोळा वर्षांत एकदाही ऊब लागली नव्हती.

साताऱ्याला प्रभाकरचे वडील कोर्टात कारकून होते. कचेरीतून आले की ते उंबऱ्यातूनच आईला विचारायचे, ‘अरू जेवली का?’ अरू म्हणजे प्रभाकरची थोरली बहीण अरुंधती. हुशार होती, बोलायला चुणचुणीत होती, आणि खाण्याचे नखरे करायची. प्रभाकर नखरे करत नसे. पानात पडेल ते मुकाट्यानं खाई, आणि जो मुकाट्यानं खातो त्याची चौकशी कोणी करत नाही. हे त्याला आठव्या-नवव्या वर्षीच कळलं होतं. एकदा त्यानं मुद्दाम उपाशी राहून पाहिलं. संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्यानंच आईला सांगितलं आणि आईनं काहीच न विचारता पोळी वाढली. अरुंधती आता नागपूरला होती, तिला दोन मुली होत्या, आणि तिच्या पत्राच्या शेवटी ‘तब्येतीला जप’ असं असायचं. ते वाचून त्याला बरं वाटे. म्हणजे हा रोग जुना होता. ज्ञानदेवनं तो लावलेला नव्हता, पण माणसाला आपलं दुखणं लावून द्यायला कोणीतरी समोर लागतं.

याच सुमारास अण्णासाहेबांचा पुतण्या सुरेंद्र बाहेरदेशी शिकून आला आणि कंपनीत बसू लागला. त्यानं पहिल्याच आठवड्यात प्रभाकरला बोलावलं. सोळा वर्षं प्रभाकर सबंध कंपनीचं एकच नफा-तोटा पत्रक करत आला होता. सगळं एकत्र, खाली एक आकडा, त्याखाली दोन रेघा. सुरेंद्र म्हणाला, आपली एक कंपनी नाही, एका छपराखाली तीन दुकानं आहेत. पंप आहेत, फाउंड्री आहे, आणि भोसरीला विजेच्या सामानाचं, स्विचगिअरचं, नवं खातं आहे. एकत्र कुटुंबात कोण कमावतो आणि कोण बसून खातो ते कधी कळतं का? तसंच चाललंय आपलं. मला तीन रकाने पाहिजेत. प्रत्येकाचं उत्पन्न वेगळं, खर्च वेगळा, नफा वेगळा. आणि त्यावरून कुठं पैसा घालायचा आणि कुठलं दुकान बंद करायचं ते ठरवू. ‘बंद’ हा शब्द त्यानं इतक्या सहज उच्चारला की प्रभाकरला तो पुन्हा ऐकावासा वाटला.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं, आणि अवघड काम म्हटलं की प्रभाकरला हुरूप यायचा. तीन खात्यांची विक्री वेगळी काढणं, मजुरी वेगळी काढणं, कोळसा फाउंड्रीला आणि तांबं स्विचगिअरला लावणं हे त्यानं आठ दिवसांत उरकलं. अडत होतं ते पुढंच. कंपनीत असा कितीतरी खर्च होता जो कुणा एकाचा नव्हता. गेटवरचे रखवालदार, कँटीन, टाइम ऑफिस, टेलिफोन, अण्णासाहेबांची गाडी, सुरेंद्रचा पगार, आणि खुद्द हिशेबखातं. सगळा मिळून वर्षाला सहा लाख. याला त्यानं नाव दिलं ‘सामायिक खर्च’. हा तिघांत कसा वाटायचा? फाउंड्रीनं त्यातलं वापरलं होतं थोडंसंच. तिची कँटीन स्वतःची होती, भट्टीजवळची, भिमाबाई चालवायची ती. भिमाबाई म्हणजे ज्ञानदेवची आई. फाउंड्रीला टेलिफोन एक, कारकून एक. ज्यानं त्यानं किती वापरलं ते बघून वाटलं तर फाउंड्रीच्या वाट्याला एक लाख येत होते. माणसांच्या संख्येवर वाटलं तर दोन लाख चाळीस हजार, कारण वाळू आणि भट्टीच्या कामाला माणूस जास्त लागतो. तीनशे दहा माणसांतली एकशे चोवीस एकट्या फाउंड्रीत होती. बाहेरच्या गिऱ्हाइकांना कास्टिंग, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग, विकून फाउंड्री एक लाख चार हजार कमावत होती. पंपखात्याला जे कास्टिंग जायचं ते मात्र पडेल त्या किमतीला, वर एक पैसाही न लावता. घरातल्या घरात कसला नफा, ही अण्णासाहेबांची पहिल्यापासूनची पद्धत. म्हणजे वापरावर वाटलं तर फाउंड्रीला चार हजार नफा. डोक्यांवर वाटलं तर एक लाख छत्तीस हजार तोटा.

त्यानं सुरेंद्रला विचारलं, वाटणी कशावर करू? सुरेंद्र कुठलंसं पुस्तक चाळत होता. म्हणाला, ते तुम्ही ठरवा, त्यातलं तुम्हाला कळतं. बस, एवढंच. कुणी प्रभाकरचा हात धरला नव्हता, आणि पुढं कितीही शोधलं तरी दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकलता येईल असं त्याला काही सापडलं नाही. त्यानं दोन्ही आकडे कच्च्या कागदावर मांडले. चार हजार नफा बघून त्याला काही वाटलं नाही. एक लाख छत्तीस हजार तोटा बघितला आणि त्याचा श्वास जरा मोकळा झाला. उन्हातून आल्यावर माठाचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. नंतर त्यानं मनाशी कारणं जमवली. कँटीन माणसांसाठीच असते, टाइम ऑफिस माणसंच मोजतं, रखवालदार माणसांचेच खिसे तपासतो. तेव्हा डोक्यांवर वाटणी हेच शास्त्र. कारणं सगळी खरी होती. खोट्या कारणांपेक्षा खरी कारणं फार सोयीची असतात. पत्रक टंकून झालं, तीन रकाने शेजारी शेजारी उभे राहिले, आणि मधल्या रकान्याखालचा आकडा टाइपिस्टनं लाल फितीवर घेतला. प्रभाकरनं सही केली. त्याची सही सुंदर होती.

जातीचा यात काही संबंध नाही, असं तो स्वतःला सांगे, आणि सांगावं लागतंय हेही त्याच्या ध्यानात येई. तो असल्या गोष्टी मानणारा नव्हता. चार वर्षांपूर्वी ज्ञानदेवनं दापोडीला घर बांधलं तेव्हा तो बायकोला, मृदुलाला, घेऊन गेला होता, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला त्यानं नमस्कार केला होता आणि भिमाबाईच्या हातचा चहा प्यायला होता. गुळाचा होता, जरा धुरकट. तो चहा प्रभाकर अजून विसरला नव्हता, हीच खरी गोम. बाहेर प्यायलेले हजार चहा तो विसरला होता आणि हा एक आपल्या नावावर जमा करून ठेवला होता. परतताना बसमध्ये मृदुला म्हणाली होती, ‘किती मोकळा माणूस आहे.’ तिनं तसं प्रभाकरबद्दल कधी म्हटलं नव्हतं. त्यानं खिडकीतून बाहेर पाहत, ‘असेल,’ म्हटलं होतं. मृदुला शाळेत शिक्षिका होती, तिला रविवारी सुट्टी. त्याला पिंपरीतल्या साऱ्या कारखान्यांसारखी गुरुवारी. नवरा-बायकोला सबंध दिवस एकमेकांची तोंडं दिसायची ती दिवाळीत. मग तिचा मोकळेपणा कुणाच्या वाट्याला जातो, शाळेच्या किती, मुलाच्या किती, शेजारणींच्या किती, असं तो गुरुवारी दुपारी आडवा पडून मनात वाटत बसे. आपल्या रकान्यात नेहमी तूटच निघायची. अशी वाटणी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला दुसरं काय येणार, पण हे त्याला सांगणार कोण?

पत्रकाच्या प्रती तिन्ही खात्यांना गेल्या आणि बुधवारी दुपारी ज्ञानदेव वर आला. शुक्रवारी अण्णासाहेबांकडे बैठक होती. विषय एकच होता, फाउंड्री ठेवायची की नाही. कागदाची घडी त्याच्या शर्टाच्या खिशात होती. त्यानं ती टेबलावर उलगडली, तिच्यावर काळ्या अंगठ्याचे दोन ठसे उमटलेले होते. प्रभाकरनं त्याला खुर्ची दिली आणि मनात म्हणाला, आता हा विनवण्या करणार. पण ज्ञानदेवनं विनवणी केली नाही. तो पहिल्या ओळीपासून विचारत गेला. हा आकडा कुठून आला, यात काय काय धरलं, हे असंच का. एकशे चोवीस माणसांची नोकरी टांगणीला लागलेला माणूस आवाज न चढवता प्रश्न कसा विचारू शकतो, याचं प्रभाकरला नवल वाटलं, आणि रागही आला. तरी तो उत्तरं देत गेला. त्याला विचारलेलं आवडायचं. हिशेबाचं कोणी काही विचारलं की त्याचा कणा ताठ व्हायचा, आवाज मास्तरांसारखा संथ व्हायचा. शेवटी ज्ञानदेवनं बोट त्या सामायिक खर्चावर ठेवलं.

‘हे दोन लाख चाळीस हजार,’ तो म्हणाला. ‘फाउंड्री बंद केली तर हे वाचणार का, साहेब?’

‘वाचणार कसे?’ प्रभाकर म्हणाला. ‘रखवालदार राहणारच, टेलिफोन राहणारच, मी राहणारच. ते उठून उरलेल्या दोघांच्या डोक्यावर बसतील. वाचेल काहीच नाही. उलट तुम्ही कमावता ते एक लाख चार हजार जातील, आणि पंपाला बाहेरून महाग कास्टिंग घ्यावं लागेल ते निराळंच.’

हे सगळं तो एका दमात बोलून गेला. फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तसं. बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. ज्ञानदेव त्याच्याकडे बघत राहिला होता.

‘मग ह्ये कागदात का न्हाई?’

‘नमुन्यात तसा रकाना नाही,’ प्रभाकर म्हणाला. ‘पत्रक काय झालं ते सांगतं. काय होईल ते सांगत नाही.’ हेही खरंच होतं.

ज्ञानदेवनं कागदाची घडी घातली. उठता उठता काही आठवल्यासारखा थांबला. मोठे साहेब आपल्याला सांभाळून घेतील असं सगळे म्हणतात, तो म्हणाला, कारण ते आपल्याशी गोड बोलतात. पण सोळा वर्षं झाली, इनचार्ज झालो, तरी ते आपल्याला तू म्हणतात. पंपवाल्याला तुम्ही, स्विचगिअरवाल्याला तुम्ही, तुमाला तर पहिल्या दिवसापासनं तुम्ही. पोराला शाळेत मास्तर विचारतात, बाप काय करतो, तर तो सांगतो सायेब हाय. आणि एकदा गेटवर पोरासमोर मोठ्या साहेबांनी हाक मारली, ‘ज्ञानबा, इकडं ये रे.’ ज्ञानदेव हे सांगताना हसला, पण ते हसू मृदुलाला आवडलेलं मोकळं हसू नव्हतं. प्रभाकरला एकदम चपापल्यासारखं झालं. ज्या एका शब्दासाठी तो इतके दिवस जळत होता तो या माणसाला टोचत होता. म्हणजे आपण चुकीच्या गोष्टीचा हेवा केला? एवढं कळल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं. पण मत्सराला कारण लागतं ते उगवायला. एकदा उगवला की तो कारणाशिवायही वाढतो. ज्ञानदेव जिना उतरून गेल्यावर प्रभाकरच्या मनात आलं, याला तेही मिळतं आणि ते नको म्हणायची ऐटही मिळते.

गुरुवारी सुट्टी होती. मृदुला शाळेत, मुलगा कॉलेजात. गॅलरीत पापड वाळत घातले होते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचं काम त्याच्याकडे होतं. बारा वाजेपर्यंत तो कावळे हाकलत राहिला. मग आत आला, टेबलावरचा पसारा बाजूला केला आणि कोरा ताव घेऊन बसला. त्याला झोप लागली नव्हती, असं काही नव्हतं, झोप चांगली लागली होती. पण सकाळी दाढी करताना त्याला एकशे चोवीस माणसं दिसली होती. चेहरे नव्हे, नुसती रांग, पगाराच्या दिवशी खिडकीसमोर लागते तशी. त्यातल्या बहुतेकांची सही त्याला पाठ होती. बरेचजण अंगठाच उठवायचे. त्यांचं काय चुकलं होतं? त्यांना तर कुणी जेवलास का म्हणून विचारत नव्हतं. तो लिहू लागला. आधी तिन्ही खात्यांचा स्वतःचा नफा, सामायिक खर्च लावण्याआधीचा. मग वापरावर वाटणी. मग त्याखाली त्यानं एक नवीच मांडणी केली: फाउंड्री ठेवली तर कंपनीचा एकूण नफा किती, बंद केली तर किती. दोन आकडे शेजारी शेजारी. एखादं पोरसुद्धा बघून सांगेल. तीन तास गेले. पत्रक इतकं स्वच्छ उतरलं की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला.

आणि मग, चांगलं काम केल्यावर जे व्हायचं तेच झालं. तो मनातल्या मनात मांडे खाऊ लागला. शुक्रवारी बैठकीत फाउंड्री बंद करायची भाषा निघेल. ज्ञानदेव खाली मान घालून बसलेला असेल. अशा वेळी आपण फाइल उघडायची आणि शांतपणे म्हणायचं, ‘अण्णासाहेब, एक मिनिट.’ हा दुसरा कागद पुढं ठेवायचा. सुरेंद्र थक्क होईल. अण्णासाहेब चष्मा काढतील. ज्ञानदेवच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि तो जन्मभर आपला मिंधा राहील. इथं पोचल्यावर त्याला जरा थांबावंसं वाटलं. एकशे चोवीस माणसांना वाचवायला निघालेला माणूस शेवटी एका माणसाला मिंधा करायला निघाला होता. पण थांबला नाही. कामाचं चांगलं होतंय ना, मग मनातलं कोण तपासतो, असं म्हणून त्यानं ताव फाइलीत घातला. तेवढ्यात कावळ्यांनी दोन पापड नेले होते. त्यावरून संध्याकाळी मृदुलानं बोलून घेतलं आणि त्यानं आनंदानं ऐकून घेतलं.

शुक्रवारी दहाला बैठक बसली. अण्णासाहेब, सुरेंद्र, पंप आणि स्विचगिअरचे दोघे प्रमुख, ज्ञानदेव, आणि टोकाला प्रभाकर, मांडीवर फाइल. सुरेंद्रनं पत्रक वाचून दाखवलं. त्याचा कल उघड होता. फाउंड्रीची जागा मोठी आहे, ती मोकळी झाली तर स्विचगिअर भोसरीहून इथंच आणता येईल. पंपवाल्यानं मान डोलावली. चढाओढीत दुसऱ्याचा पत्ता कापला जात असेल तर मान डोलवायला काय जातं? प्रभाकरनं फाइलीची दोरी सोडली. घसा साफ केला. आणखी दोन वाक्यं होऊ द्यावीत, तो म्हणाला स्वतःशी, प्रसंग जरा पिकू द्यावा. तेवढ्यात ज्ञानदेव उठून उभा राहिला.

‘साहेब, मला हिशेबातलं न्हाई कळत. भट्टीतलं कळतं,’ तो म्हणाला. ‘पहाटे कुपोला भट्टी पेटवायला जो कोळसा जातो, तो लोखंडाचा पहिला थेंब पडायच्या आधीच गेलेला असतो. त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांचा माल ओता न्हाईतर दोघांचा. एकाला घालवला म्हणून तो कोळसा परत येत न्हाई, उरलेल्या दोघांच्या मालावर चढतो. ह्या कागदात आमच्या नावावर जे दोन लाख चाळीस हजार हायेत ते तसलेच. आमी गेलो तर ते पंपावर आणि स्विचगिअरवर चढतील. आणि आमी आमचं कमावतो ते एक लाख चार हजार कंपनी गमावून बसंल. मंग पुढच्या वर्षी पंपाच्या रकान्यात लाल आकडा येईल. तेव्हा पंप बंद करायचे का?’

पंपवाल्याची मान डोलायची थांबली. सुरेंद्रनं पेन्सिल घेतली, समासात भरभर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग तो म्हणाला की बरोबर आहे, आणि असं बरोबर की आपण हे आधीच बघायला हवं होतं. सुरेंद्रचा हा गुण मानला पाहिजे, चूक कळली की तो तिच्यावर बसून राहत नसे. फाउंड्री बंद करण्याची गोष्ट त्यानं तिथल्या तिथं सोडून दिली, उलट पंपखात्यानं कास्टिंगची बाजारभावानं किंमत धरावी का असा विषय काढला. अण्णासाहेबांनी चष्मा काढला, अगदी प्रभाकरनं काल पाहिला होता तसा. पण ते ज्ञानदेवकडे पाहत होते. मग त्यांची मान टोकाकडे वळली.

‘निजसुरे,’ ते म्हणाले, ‘हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं?’

प्रश्न साधा होता. आवाजात राग नव्हता, थोडी निराशा होती. प्रभाकरचा हात फाइलीवर होता आणि हाताखाली तो ताव होता, स्वच्छ अक्षरात, कालच्या तारखेचा. तो काढून पुढं ठेवला की सिद्ध होणार होतं की त्याला सगळं ठाऊक आहे. पण मग पुढचा प्रश्न येणार होता: ठाऊक होतं तर पहिल्या कागदावर सही कशी केलीत? उत्तर होतं, पण ते माणसांत सांगण्याजोगं नव्हतं. सोळा वर्षं त्यानं एकाच गोष्टीवर मान ताठ ठेवली होती. कुणी त्याला मोकळा म्हणत नव्हतं, कुणी खांद्यावर हात ठेवत नव्हतं, पण निजसुरेंना हिशेबातलं कळतं हे गेटवरचा रखवालदारही मानत होता. दुष्ट ठरायचं की अडाणी, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. ज्ञानदेव त्याच्याकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं. बुधवारी दुपारी या माणसानंच आपल्याला हे शिकवलं, एवढं एक वाक्य त्यानं उच्चारलं असतं तर सगळं संपलं असतं.

‘नाही, साहेब,’ प्रभाकर म्हणाला. ‘माझ्या लक्षात नाही आलं.’

अण्णासाहेबांनी ‘हं’ केलं. सुरेंद्र म्हणाला, होतं असं, नवी पद्धत आहे, आता नीट विचार करून सोमवारपर्यंत दुसरं पत्रक करा, आणि वाटलं तर ओव्हाळांना विचारा. हे तो चांगल्या मनानं बोलला. ज्ञानदेवनं समोरचा पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायला, खाली ठेवला.

बाहेर व्हरांड्यात प्रभाकर मुद्दाम मागं राहिला, तरी ज्ञानदेव थांबलेला होता. आता तो शिव्या देईल असं प्रभाकरला वाटलं, आणि खरं म्हणजे त्या त्याला हव्या होत्या. ज्ञानदेव खालच्या आवाजात म्हणाला,

‘मी बोललो न्हाई.’

‘का?’

‘तुमाला घालवून नवा माणूस आणतील. त्याला पैल्यापासनं कोण शिकवत बसणार? तुमाला सगळं येतं.’ तो हसला नाही. ‘पुढच्या कागदाला मी येऊन बसतो. समोरच करा.’

आणि तो गेला, कारण बारा वाजता भट्टी ओतायची होती. प्रभाकर कठड्याला धरून त्याच्या पाठीकडे बघत राहिला. क्षमा केली असती तर तिच्यातला मोठेपणा नाकारता आला असता. धमकी दिली असती तर वैर धरता आलं असतं. पण या माणसानं हातात आलेला सुरा बघितला, आपल्या कामाला तो लागत नाही असं ठरवलं आणि खाली ठेवला. आपल्याला हे अर्धा तासही जमलं नसतं, हे प्रभाकरला पक्कं ठाऊक होतं. आपण सांगितलं असतं. पहिल्या संधीला, सगळ्यांसमोर, अगदी सौम्य आवाजात. पोटात तेच जुनं दुखणं पुन्हा उठलं आणि या वेळी त्याला त्याचं नावही लपवता आलं नाही. त्याला ज्ञानदेवच्या गप्प बसण्याचा हेवा वाटत होता.

तो आपल्या टेबलाशी आला. हाताखालच्या दोघा कारकुनांना बातमी लागलेली होती, ते मान खाली घालून लिहीत होते. त्यानं फाइल उघडली. सोमवारचं पत्रक तयारच होतं, पण ते आज देता येत नव्हतं. न कळणाऱ्या माणसाला असं काम करायला दोन-तीन दिवस लागतात. त्यानं कोरा ताव घेतला, जुना अर्धवट उघड्या खणात ठेवला आणि त्यावरून तो उतरवू लागला, हळूहळू, मध्येच पेन थांबवून, कपाळाला आठ्या घालून, जणू प्रत्येक आकडा त्याला पहिल्यांदाच सुचत होता. वापरावर वाटणी. फाउंड्री, नफा चार हजार. तिथं एका कारकुनानं मान वर करून, काही मदत करू का, असं विचारलं. तो नको म्हणाला, आणि खणातला ताव आणखी आत सारून आठवेल तसा पुढचा आकडा मांडू लागला. ज्ञानदेवनं सांगून टाकायला हवं होतं, असं त्याला वाटत राहिलं.